भोरघाटाची वाट आणि मावळांतील सायकलस्वार

मुंबई हें मूळचें बेट, ही गोष्ट आतां शाळेंतल्या भूगोलापुरतीच उरली आहे. गिरगांवांत किंवा दादरला राहणाऱ्या गृहस्थास पुण्याला जावयाचें झाल्यास गाडींत बसावें, वर्तमानपत्र उघडावें, आणि कर्जत मागें पडल्यावर खिडकीबाहेर दृष्टि टाकावी, एवढेच श्रम पडतात. परंतु दोनशें वर्षांपूर्वीं हाच प्रवास बंदरावरून सुरू होत असे. भरतीची वेळ साधून होडी पनवेलकडे निघे. पनवेलच्या बंदरावर उतरलेला उतारू खोपोलीपर्यंत सपाटीनें जाई, तेथून भोरघाट चढून खंडाळ्यास पोंचे, आणि पुढें इंद्रायणीच्या खोऱ्यांतून वडगांव, तळेगांव करीत पुणें गांठी. परळ, दादर, शीव हा खुष्कीचा मार्ग नव्हता असें नव्हे. पण शीव आणि कुर्ला यांमधील खाडीवर बांध पडला तोच मुळीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं, आणि त्यानंतरही ठाण्याची खाडी आडवी होतीच.

त्याच वाटेच्या आसपास आज पुन्हां एक निराळी वर्दळ दिसूं लागली आहे. रविवारच्या पहांटे, गिरण्यांच्या जागीं उभ्या राहिलेल्या उंच इमारतींच्या सावलींतून, लालबाग-परळचे तरुण सायकली घेऊन निघतात ते डांबरी सडकेनें घाट गांठतात, आणि घाटमाथा आला कीं सडक सोडून आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ या खोऱ्यांतील खडी-मुरमाच्या वाटांत शिरतात. त्यांच्या सायकलीला 'ग्रॅव्हल बाईक' असें नांव आहे. नांव परदेशी असलें तरी वस्तु समजण्यास अवघड नाहीं. शर्यतीच्या सायकलीसारखा खालीं वळलेला दांडा, पण टायर चांगला चाळीस मिलिमीटर रुंद व त्यांत हवा कमी; त्यामुळें खडा चाकाखालीं आला तर चाक उसळत नाहीं, टायरच खड्याभोंवतीं दबतो आणि पुढें जातो. चढणीसाठीं दांतेचक्रांची योजना अशी कीं, पाय हलका पडावा, मग वेग बैलगाडीचा झाला तरी हरकत नाहीं. अमेरिकेच्या मध्यभागांतील शेतांमधून गेलेल्या खडीच्या हजारों मैल रस्त्यांवर ही जात वाढली, आणि तेथून ती जगभर पसरली.

परंतु ज्या वाटांवरून हीं चाकें आज फिरतात त्या वाटा कोणी कोणासाठीं केल्या, हा प्रश्न सायकलीपेक्षां पुष्कळ जुना आहे, आणि तोच या ठिकाणीं विचारांत घ्यावयाचा आहे.

सह्याद्रीची भिंत ओलांडण्यास जे मार्ग निसर्गानेंच ठेवले त्यांत नाणेघाट, थळघाट व भोरघाट हे प्रमुख होत. भोरघाटाचें प्राचीनत्व सांगण्यास लेखी पुरावा कोठें दूर शोधावयास नको. घाटमाथ्यावर येतांच इंद्रायणीच्या खोऱ्याच्या दोन्ही अंगांस कार्ले, भाजें आणि पलीकडे पवनेच्या बाजूस बेडसे अशीं लेणीं ओळीनें खोदलेलीं आहेत. लेणीं रानांत खोदतात ही समजूत अर्धीच खरी आहे. तीं रानांत खोदतात, पण वाटेजवळच्या रानांत. कार्ल्याच्या चैत्यांतील खांबांवर दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत. त्यांत धेनुकाकट येथील यवन आहेत, सोपाऱ्याचा मनुष्य आहे. बंदरावर उतरलेला माल आणि माणूस या खोऱ्यांतून वर जात होता म्हणूनच त्याचें दान येथें पडलें. क्षहरात नहपानाचा जांवई उषवदात यानें येथील भिक्षूंस करजिक गांव दिला. पुढें सातवाहनांनींही या संघाकडे लक्ष पुरविलें. सत्ता बदलली तरी वाट बदलली नाहीं. वाट राखण्यासाठीं मग किल्ले आले. लोहगड व विसापूर खोऱ्यावर नजर ठेवून, तुंग व तिकोना पवनेच्या बाजूस, आणि राजमाची तर घाटाच्या तोंडावरच, आपल्या श्रीवर्धन व मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांसह.

या वाटेला चाकाची ओळख मात्र फार उशिरां झाली. माल बैलांच्या पाठीवरून जाई, मोठा मनुष्य पालखींतून जाई, लहान मनुष्य पायीं जाई. चाकाचें कोडें प्रथम ज्यांना पडलें ते व्यापारी नव्हत, तोफा ओढणारे होत. इ. स. १७७८ च्या नोव्हेंबरांत रघुनाथरावांना गादीवर बसविण्यासाठीं मुंबईहून इंग्रजांची फौज निघाली. कर्नल एगर्टन तिचा प्रमुख. सामानाला सुमारें १९,००० बैल होते! पनवेलहून घाट चढून कार्ल्यापर्यंत येण्यास या फौजेला इतके दिवस लागले कीं, तेवढ्यांत नाना फडणीस व महादजी शिंदे यांस सर्व तयारी करण्यास भरपूर अवकाश मिळाला. १७७९ च्या जानेवारींत कार्ल्यापाशीं कॅप्टन स्टुअर्ट पडला, ज्याला मराठ्यांनीं त्याच्या धाडसावरून 'इष्टुर फांकडा' म्हटलें आणि ज्याची समाधि वडगांवास आहे. शत्रूच्या शौर्याला इतकें आपुलकीचें नांव देण्याचा हा प्रकार आपल्या इतिहासांत विरळाच. तळेगांवास पोंचल्यावर इंग्रजांना पुढें भस्मसात् केलेला मुलूख दिसला. त्यांनीं अवजड तोफा तळ्यांत लोटल्या, रात्रीं माघार घेतली, आणि वडगांवीं तह करून ते सुटले. हा पराभव मराठ्यांच्या पराक्रमाचा खरा. पण त्याच्या श्रेयांत भोरघाटाच्या चढणीचा वांटा कांहीं लहान नाहीं. दोन वर्षांनीं, १७८१ सालीं, जनरल गॉडर्ड याच घाटानें वर आला आणि एप्रिलमध्यें परत पनवेलकडे उतरला. उतरतांना हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांनीं त्याची जी दैना केली, ती या घाटानें इंग्रजांना शिकविलेला दुसरा धडा होय.

हे धडे इंग्रज विसरले नाहींत. पेशवाई बुडाल्यावरही कांहीं वर्षें स्थिति फारशी पालटली नव्हती. १८२५ सालीं बिशप हेबर पुण्यास गेला तेव्हां त्यालाही रस्ता रुंद पण चढण भरलेल्या गाडीस अशक्य अशीच आढळली. अखेर मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत घाट वळणांवळणांनीं फोडून गाडीरस्ता तयार झाला, आणि १० नोव्हेंबर १८३० रोजीं तो खुला करण्यांत आला. गव्हर्नरांचें पावसाळी निवासस्थान त्या वेळीं पुण्याजवळ दापोडीस होतें, हेंही येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. लोकहिताचीं कामें आणि सरकारस्वारीची सोय यांचा रस्ता पुष्कळ वेळां एकच असतो. याच रस्त्यावरचा कमानींचा दगडी पूल पुढें अमृतांजनच्या जाहिरातीमुळें 'अमृतांजन पूल' म्हणून लोकांच्या तोंडीं बसला. तो एकशें नव्वद वर्षें उभा राहिला आणि एप्रिल २०२० मध्यें, सर्व देश घरांत बसला असतां, पाडण्यांत आला.

या रस्त्याची घडण आजच्या सायकलस्वाराला उपयोगाची म्हणून थोडी सांगावी. स्कॉटलंडच्या मॅकॅडम यानें रस्त्यांचें एक साधें शास्त्र त्याच सुमारास रूढ केलें होतें. खालीं मोठाल्या धोंड्यांची फरसबंदी नको. लहान, सारख्या आकाराची, अणकुचीदार फोडलेली खडी थराथरानें पसरावी, ती चाकांच्या भारानें एकमेकींत घट्ट बसते, आणि पाणी दोन्ही बाजूंस वाहून जाईल असा रस्त्याला मधें फुगवटा ठेवावा. आपल्याकडे वरून मुरूम टाकावा, पाणी मारावें आणि रूळ फिरवावा, ही रीत पडली. अशा रस्त्याचें आयुष्य सर्वस्वीं पाण्याच्या निचऱ्यावर असतें. मोरी तुंबली कीं एका पावसाळ्यांत खडी उघडी पडते, आणि बैलगाड्यांच्या लोखंडी धांवांनीं दोन खोल चर पडतात. त्यांनाच चाकोरी म्हणतात. गाडीवानाला चाकोरी सुखाची, सायकलस्वाराला मात्र ती काळच. पुढचें चाक तींत अडकलें कीं स्वार जमिनीवर आलाच. आणि ही खडी फोडली कोणी? हातांत हातोडा घेऊन रस्त्याच्या कडेला बसलेल्या स्त्रीपुरुषांनीं. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत तर दख्खनच्या हजारों शेतकऱ्यांनीं सरकारी कामावर खडी फोडूनच पोट जाळलें. खडीच्या ढिगाला मोजमाप असतें, पण त्या हातांची नोंद कोणत्याही मैलाच्या दगडावर नाहीं.

रेल्वेची कथा याहून दारुण आहे. मुंबई-ठाणें गाडी १८५३ सालीं सुरू झाली, खोपोली व खंडाळा हीं दोन टोंकें त्याच दशकांत लोहमार्गानें जोडलीं गेलीं, पण मधला घाट कांहीं वर्षें उतारूंस पालखींत, तट्टावर किंवा पायींच ओलांडावा लागे. घाटांतील लोहमार्ग सुमारें सोळा मैलांचा, त्यांत चढ १,८३१ फुटांचा, कांहीं ठिकाणीं सदतीस फुटांस एक फूट, आणि बोगदे पंचवीस. एके काळीं या कामावर एकाच वेळीं ४०,००० हून अधिक मजूर राबत होते. पटकीच्या सांथींनीं आणि सुरुंगांनीं त्यांतले किती गेले याचा अंदाजच करावयाचा. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं येथें आला आणि आल्यानंतर थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिनें तें कंत्राट पुढें चालवून पुरें केलें. २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनीं घाटमार्गाचें उद्घाटन केलें. या घाटाची आंखणी मूळ शिंगरोबा नांवाच्या धनगरानें दाखविली आणि त्या बदल्यांत त्याचा प्राण गेला, अशी कथा सांगतात. कागदोपत्रीं तिला आधार नाहीं. पण जुन्या घाटरस्त्यावरील शिंगरोबाच्या देवळाशीं आजही मोटारहांक्ये नाणें टाकून जातात, आणि घाट चढून दमलेला सायकलस्वारही तेथेंच प्रथम पाय टेकतो. वाट दाखविणारा एक आणि नांव मिळविणारा दुसरा, एवढें तरी त्या कथेंत खरें आहे.

रेल्वे सुरू होतांच गाडीरस्ता सुना पडला. त्याला पुन्हां जाग आणली ती प्रथम सायकलीनें आणि मागाहून मोटारीनें. डनलॉपनें १८८८ सालीं हवेचा टायर काढला आणि सायकल ही सर्कशींतली वस्तु न राहतां कारकुनाची, तारवाल्याची, दूधवाल्याची झाली. मुंबईंत तासावर भाड्यानें मिळणारी सायकल घेऊन ती मैदानावर शिकणें हा मध्यम स्थितींतील मुलांचा कित्येक पिढ्यांचा संस्कारच होऊन बसला. पण या शहरानें सायकलीवर ज्या मोठ्या मजला मारल्या त्यांचें स्मरण नवीन पिढीला क्वचितच असतें. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं सहा पारशी तरुण मुंबईहून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांतील अदी हकीम, जल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे इराण, इराक, सीरियाचें वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, कोरिया व चीन पाहून मार्च १९२८ मध्यें परत आले. सुमारें ४४,००० मैलांचा तो प्रवास. त्यांच्या सायकलीला ना गियर होते, ना रुंद टायर, आणि बहुतेक ठिकाणीं रस्ताही नव्हता. आजच्या 'ग्रॅव्हल' सायकलीच्या जाहिरातींत साहसाचा जो उद्घोष असतो तो वाचतांना या तिघांची आठवण ठेवलेली बरी. पुढें मुंबई-पुणें सायकल शर्यत प्रसिद्धीस आली, आणि भोरघाटाची चढण जो प्रथम चढेल त्याला 'घाटाचा राजा' हा किताब मिळूं लागला. माल्कमनें तोफांसाठीं व टपालासाठीं मोडविलेल्या चढणीवर गिरणगांवांतल्या पोरानें राजा व्हावें, यापेक्षां चांगला सूड कोणता?

आतां घाटमाथ्यावरच्या खोऱ्यांकडे वळूं. लोणावळ्याच्या पूर्वेस इंद्रायणी, तिला मिळणारी कुंडली व आंद्रा, आणि लोहगडाच्या दक्षिणेस पवना, या चार नद्यांच्या खोऱ्यांत मावळ पसरला आहे. येथल्या पाण्याचा स्वाभाविक ओघ पूर्वेकडे, भीमेकडे. विसाव्या शतकाच्या आरंभीं टाटांच्या योजनेनें हा ओघ उलटा फिरविला. लोणावळें, वळवण व शिरवता येथें तलाव बांधले, त्यांचें पाणी नळांतून सुमारें १,७०० फूट खालीं खोपोलीस सोडलें, आणि १९१५ सालीं त्यावर उत्पन्न झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांत आली. परळ-लालबागचीं चाकें मावळच्या पावसावर फिरूं लागलीं, असें म्हटल्यास अतिशयोक्ति नाहीं. १९२२ सालीं आंद्रा नदीवर ठोकरवाडीचें धरण होऊन तिचें पाणी भिवपुरीस उतरलें. या आंद्रेवरून कंपनीला इंग्रजींत जें नांव पडलें तें वाचून अनेक सुशिक्षितांना ही नदी तेलंगणापलीकडची वाटते, ही एक गंमतच!

गंमत येथेंच संपते. मुळशीस नीला-मुळेच्या संगमाजवळ धरण बांधण्याचें ठरलें तेव्हां सुमारें पन्नास गांवांचा प्रश्न उभा राहिला. १९२१ च्या रामनवमीस सत्याग्रह सुरू झाला, सेनापति बापट त्याचे प्राण झाले, आणि तीन वर्षें मावळे, त्यांच्या बायका व मुलें धरणाच्या पायांत बसून राहिलीं. सत्याग्रह हरला. धरण झालें, भातखाचरें बुडालीं, देवळें बुडालीं, आणि गांवाला गांव जोडणारी वाटही पाण्याखालीं गेली. जेथें पूर्वीं अर्ध्या मैलावर पलीकडची वाडी होती, तेथें तलावाला वळसा घालून कांहीं कोस जाण्याची पाळी आली. आज सायकलस्वारांना ज्या वाटा इतक्या रमणीय वाटतात, पाण्याच्या कडेकडेनें, प्रत्येक ओढ्याशीं आंत वळणाऱ्या आणि कोणत्याही गांवाला सरळ न नेणाऱ्या, त्यांच्या वांकडेपणाचें कारण पुष्कळदां हें आहे.

टाकवे बुद्रुकवरून आंदर मावळांत शिरणारा रस्ता ठोकरवाडीच्या पाण्याकांठानें खांडीकडे जातो. तेथून कुसूरची जुनी घाटवाट खालीं भिवपुरीच्या बाजूस उतरते, परंतु ती पायांची आहे, चाकांची नव्हे. कामशेतहून नाणे मावळांत गेलें म्हणजे वाट जांभिवलीस, कोंडेश्वराच्या प्राचीन देवळापाशीं पोंचते व समोर ढाकचा कडा उभा राहतो. पवन मावळांत १९७२ पासून पवनेचाही तलाव झाला आहे. त्याच्या भोंवतीं तुंग, तिकोना व लोहगड यांना प्रदक्षिणा घालणारे रस्ते बहुतेक डांबरी झाले. खरी परीक्षा मात्र लोणावळ्याहून तुंगार्लीवरून राजमाचीच्या उधेवाडीस जाणाऱ्या वाटेवर होते. अंतर पुरतें दहा मैलांचें, पण सुटे धोंडे, ओढ्यांचे उतार आणि लाल-काळा मुरूम यांमुळें तें दुप्पट भासतें. डाव्या हातास खालीं उल्हास नदीची दरी. पावसाळ्यांत येथें धुकें आणि चिखल, चैत्र-वैशाखांत धुरळा, दसऱ्यापासून माघापर्यंतचे दिवस चांगले.

येथें एक तंटा उत्पन्न होतो, आणि तो काल्पनिक नाहीं. इटलींत कियांती प्रांतांतील पांढऱ्या मातीचे रस्ते डांबराखालीं नाहींसे होऊं लागले तेव्हां १९९७ सालीं जुन्या सायकलींची 'एरोइका' नांवाची फेरी तेथें सुरू झाली, आणि त्या रस्त्यांच्या जतनाला लोकमत मिळालें. आपल्याकडील कांहीं सायकलप्रेमींनाही मावळांतील कच्च्या वाटा तशाच राहाव्यात असें वाटतें. त्यांचें दुःख समजण्यासारखें आहे. मुंबई-पुणें द्रुतगती मार्गावर सायकलीला मज्जाव. जुन्या हमरस्त्यावर मालमोटारींची रीघ. मग दोन चाकांनीं जावें कोठें? परंतु कियांतीच्या द्राक्षमळेवाल्याची आणि राजमाचीच्या वाडींतल्या शेतकऱ्याची स्थिति एक नव्हे. इटालियन खेड्याला डांबरी रस्ता अगोदरच होता. पांढरा रस्ता हा त्याचा दुसरा रस्ता. उधेवाडीला ही वाट एकुलती एक. साप चावलेल्या मनुष्याला किंवा अडलेल्या बाळंतिणीला पावसाळ्यांत लोणावळ्यापर्यंत आणावयाचें तें याच धोंड्यांवरून. २००० सालच्या डिसेंबरांत सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेनें देशांतील लहान गांवांना बारमाही रस्त्यानें जोडण्याचें काम हातीं घेतलें तें याच कारणास्तव. ज्यांच्या खोऱ्यांतलें पाणी मुंबईनें शंभर वर्षांवर वापरलें, त्यांच्या दारांतली खडी मुंबईच्या करमणुकीसाठीं उघडी राहावी, ही मागणी न्यायाला धरून होणार नाहीं.

वाट राखावयाचीच असेल तर ती दुसरीकडे आहे. गांवाला नेणारा रस्ता पक्का व्हावा. पण धरणांच्या कडेच्या, रानांतल्या, गुरांच्या वाटा, ज्यांवरून कोणाचाही दवाखाना अवलंबून नाहीं, त्या वनखात्यानें व धरणवाल्यांनीं कुंपणें घालून बंद करण्याऐवजीं पायीं जाणाऱ्यांस व सायकलस्वारांस खुल्या ठेवाव्यात. जुन्या घाटवाटांच्या दगडी पायऱ्या, टांकीं आणि मोऱ्या यांची डागडुजी करण्यास फार मोठा खर्च लागत नाहीं. पावसाळ्यापूर्वीं मोरींतला गाळ काढला तरी निम्मी वाट वांचते. मावळांतील पुष्कळ वाड्यांत आतां मुंबईच्या पाहुण्यांसाठीं पिठलें-भाकरी आणि रात्रीचा मुक्काम मिळतो. त्या घरांतलीं माणसें वाटांचीं नांवें, ओढ्यांचीं नांवें, बुडालेल्या शेतांचींही नांवें जाणतात. उन्हाळ्यांत तलावांचें पाणी उतरतें तेव्हां जुन्या वाटेच्या खुणा कोठें दिसतील, हें वाडींतला म्हातारा बोटानें दाखवून देतो.